पवित्र कबरीचं चर्च तासाभरात उरकू नका

यरुशलेमहून परतलेल्या भाविकांकडून एक तक्रार मी वारंवार ऐकते. "गार्डन टूम्बच्या, म्हणजे काही जण येशूची मानतात त्या दुसऱ्या कबरीच्या बागेत फार प्रसन्न वाटलं, पण त्या मोठ्या चर्चमध्ये नुसती ढकलाढकली." हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं. शतकानुशतकं माणसं जिवावर उदार होऊन ज्या जागेसाठी चालत आली, ती येशूच्या कबरीची जागा म्हणजे हेच ढकलाढकलीचं, पवित्र कबरीचं चर्च.

बाग सुंदर आहे, तिथे प्रार्थना जरूर करा. जुन्या यरुशलेमच्या दमास्कस दरवाजाबाहेरची तिथली कबर 1883 नंतर ब्रिटिश जनरल गॉर्डन यांच्यामुळे प्रसिद्ध झाली. पण पुरातत्त्वज्ञ गॅब्रिएल बार्के यांच्या मते ती येशूच्या कित्येक शतकं आधीची आहे. आणि प्रभूला ठेवलं ती कबर नवी होती, तिथे आधी कुणालाच ठेवलं नव्हतं, असं योहानाचं शुभवर्तमान सांगतं.

मोठ्या चर्चमध्ये कबरीच्या मागच्या बाजूला सिरियन ऑर्थोडॉक्स पंथाचं एक काळवंडलेलं, उघडंबोडकं चॅपल (छोटं प्रार्थनास्थळ) आहे. तिथून वाकून आत गेलं की खडकात खोदलेल्या, येशूच्या काळातल्या ज्यू कबरी दिसतात. ज्यू लोक मृतांना तटाच्या आत पुरत नसत, म्हणजे आज हे चर्च तटाच्या आत असलं तरी तेव्हा ही जागा शहराबाहेर होती. नवा तट नंतर, हेरोद अग्रिप्पाच्या काळात उभा राहिला. माझ्या दृष्टीने अख्ख्या चर्चमधला सगळ्यात बोलका कोपरा हा, आणि बहुतेक ग्रुप तिकडे फिरकतही नाहीत! रांग लावतात, कबरीपाशी क्षणभर टेकतात, फोटो काढतात आणि बस गाठतात.

राहिला तिथल्या ख्रिस्ती पंथांच्या भांडणांचा मुद्दा. सहा पंथ एका छताखाली राहतात, कुणाची वेळ कोणती आणि कोपरा कुणाचा हे ऑटोमन काळापासून ठरलेलं आहे. तरीही 2008 मध्ये ग्रीक आणि आर्मेनियन संन्यासी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. त्याची लाज वाटायलाच हवी. पण याच लोकांनी पुढे काय केलं तेही सांगायला हवं. कबरीवरचं छोटं मंदिर ढासळू नये म्हणून ब्रिटिशांनी 1947 मध्ये त्याला लोखंडी तुळयांचा आधार दिला होता. तो तसाच राहिला, कारण दुरुस्तीवर एकमत होत नव्हतं. शेवटी ग्रीक, फ्रान्सिस्कन (कॅथलिक संन्यासी) आणि आर्मेनियन एकत्र आले. अथेन्सच्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये काम हाती घेतलं, कबरीवरची संगमरवरी फरशी सरकवली, तर खाली मृतदेह ठेवायचा मूळ खडकाचा ओटा शाबूत! मार्च 2017 मध्ये काम पुरं झालं, तुळया निघाल्या. भांडून का होईना, कुणीही ही जागा सोडली नाही, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली असं मी मानते.

यात्रा ठरवणाऱ्या धर्मगुरूंना आणि टूरवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लोकांना पहाटे, दार उघडल्या उघडल्या तिथे न्या. दाराची किल्ली पिढ्यान् पिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे आहे आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा, हेही त्यांना तिथेच सांगा. संत हेलेनाच्या चॅपलकडे उतरताना भिंतीवर जुन्या काळी कोरलेले शेकडो क्रूस आहेत, तिथे थांबू द्या. शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन व्हिया डोलोरोसावरून, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला असं मानतात त्या रस्त्यावरून, क्रूसाची वाट ही प्रार्थना करत जातात, तो दिवस यात्रेत बसवा. वेळ कमी पडत असेल तर ऑलिव्हच्या लाकडाच्या वस्तूंचं एखादं दुकान गाळा, हे चर्च नको.