डोंगरावर नुसतं बसायला जा

डोंगरावर जाऊन एकही पॉइंट न पाहता परत यायचा हक्क प्रत्येक जोडप्याला आहे, असं माझं ठाम मत आहे. सध्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या मे महिन्याच्या सुट्टीची बुकिंगं चालू आहेत आणि मला फोनवर जे बेत ऐकायला मिळतात ते ऐकून जीव दमतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही दोघंही चालणारी माणसं नाही. माझ्या नवऱ्याला चढ आवडत नाही, मला ऊन सोसत नाही, आणि तंबूत झोपायची हौस दोघांनाही कधी नव्हती. तरीही उन्हाळ्यात आम्हाला डोंगर हवा असतो. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा कोड्यात पडतो. चढायचं नाही, मग डोंगरावर जायचं कशाला? हा प्रश्न आता इतका सर्रास विचारला जातो की ज्यांना चढायची आवड नाही अशी कितीतरी जोडपी मे महिन्यात घरीच एसी लावून बसतात, नाहीतर मॉलमध्ये फिरतात. थंड हवेची ठिकाणं आपल्यासाठी नाहीत, अशी त्यांनी समजूत करून घेतली आहे.

खरं तर ती ठिकाणं त्यांच्यासाठीच वसवली गेली. महाबळेश्वरचं मालकमपेठ ज्या सर जॉन माल्कमच्या नावाचं, तो १८२७ ते १८३० मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून त्याने ही जागा मिळवली, ती आजारी आणि थकलेल्या माणसांना थंड हवेत बरं होता यावं म्हणून. पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा कारभारच तिथून चालायचा, म्हणजे कारकून फायली घेऊन डोंगरावर जात. पाचगणीत क्षयाच्या रोग्यांसाठी सॅनिटोरियम होतं. आपल्याकडेही मोठं दुखणं उलटून गेलं की डॉक्टर हवापालट सांगत, आणि त्यात चालण्याचा कार्यक्रम नसे. सावलीत आरामखुर्ची, वेळेवर जेवण, दुपारी झोप, संध्याकाळी झेपेल तेवढी चक्कर. पॉइंटांची यादी आणि ती दाखवणारी टॅक्सी हे सगळं नंतर आलं.

थंडावा येतो कुठून, तेही समजून घ्या, कारण त्यावरून जागा निवडता येते. उंची वाढते तशी हवा गार होत जाते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, म्हणजे खालच्यापेक्षा पाचेक अंशांचा फरक. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, तिथे आठ-नऊ अंश. हा फरक नुसतं तिथे असण्याने मिळतो, चालून वाढत नाही. दुपारी बारा ते चार ऊन दोन्हीकडे लागतंच, त्या वेळात पॉइंटावर उभं राहिलात तर ठाण्यात राहिला असतात तरी फारसं काही बिघडलं नसतं. डोंगराची खरी मजा सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, आणि ती व्हरांड्यात बसून पुरेपूर मिळते.

आणखी एक गोष्ट आपल्याला जन्मजात मिळाली आहे, तिची आपल्याला जाणीवच नसते. सह्याद्रीचे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर चढून झाले आहेत आणि माथेरान, पाचगणी, महाबळेश्वरच्या डोक्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. त्यामुळे कडे सरळसोट असले तरी माथा बराचसा सपाट असतो. पाचगणीचं टेबललँड हे तर त्याचं प्रसिद्ध उदाहरण. घाट गाडीने चढलात की चढण्याचा बराचसा भाग संपतो, वर बऱ्यापैकी सरळ रस्ते. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला याहून चांगला डोंगर कुठला? हिमालयात असं होत नाही. तिथे हॉटेलपासून चहाच्या टपरीपर्यंत जायचं तरी उतरण किंवा जिना लागतो.

माथेरानवर माझा विशेष जीव आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात तिथे चढला आणि गाव वसलं. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय घराण्याने ती स्वतःच्या पैशांनी बांधली, दोन फुटी रुळांची, सुमारे वीस किलोमीटर, वळणावळणाने दोन तासांहून जास्त वेळ घेणारी. तिच्या वाटेवरच्या एकुलत्या एक बोगद्याला वन किस टनेल म्हणतात, कारण तो तेवढाच लांब आहे! पण माथेरानचं खरं वैभव म्हणजे तिथे मोटारीला बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे अमन लॉज स्टेशनहून छोट्या गाडीची शटल, ई-रिक्षा, घोडा किंवा पाय. पहिल्या संध्याकाळी कानांना चुकल्यासारखं होतं, कारण हॉर्न नाही. दुसऱ्या दिवशी आपण दोघं एकमेकांशी हळू आवाजात बोलतोय हे लक्षात येतं. शहरात घरातल्या घरात ओरडून बोलायची सवय लागलेली असते ना!

माणसाने ओढायच्या रिक्षेत मात्र बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. पण न्यायालयाने सांगायच्या आधीही आपल्या आरामासाठी दुसऱ्या माणसाने चढावर धापा टाकाव्यात हे मला पटत नव्हतं. सामानाला हमाल करा, त्याला न घासाघीस करता पैसे द्या, आणि बॅगा हलक्या ठेवा.

माथेरानची माती लाल आहे, पांढरे कपडे आणि पांढरे बूट घरी ठेवा. माकडं निर्ढावलेली आहेत, बाल्कनीत खाऊ ठेवायचा नाही आणि पिशवी हातात हलवत चालायचं नाही. शार्लोट लेकपर्यंत चक्कर जमली तर करा, सावलीची वाट आहे आणि तळ्याकाठी पिसारनाथाचं देऊळ आहे. नाही जमली तर तळं कुठे पळून जात नाही.

खोली निवडताना मी स्विमिंग पूल बघत नाही, जिम बघत नाही. फोन करून विचारते: व्हरांडा किंवा गॅलरी आहे का, तिचं तोंड कुठे, आणि तिथे दोन खुर्च्या आहेत का. दोन, हे मुद्दाम विचारते. पश्चिमेचं तोंड असेल तर मे महिन्यात दुपारभर खोली तापते. पूर्वेकडची गॅलरी दुपारनंतर सावलीत येते. वर पत्रा आहे की स्लॅब की कौलं, हेही विचारा, लाजू नका. त्या दिवसांत लॉनवर लग्न किंवा कंपनीची सहल आहे का, डीजे आहे का, हे तर विचाराच. एकदा एका ठिकाणी आम्ही हे विचारलं नव्हतं असं नाही, विचारलं होतं. ‘काही नाही मॅडम, एकदम शांत’ असं उत्तर मिळालं आणि रात्री एक वाजेपर्यंत हळदीची गाणी ऐकावी लागली. तेव्हापासून मी उत्तर लिहून पाठवायला सांगते.

जेवण हॉटेलातच असेल तर उत्तम. माथेरानमध्ये आणि पाचगणीच्या जुन्या बंगल्यांतून सकाळचा चहा, नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण असं सगळं धरून भाडं घ्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न जिला वर्षभर रोज दोनदा पडतो, तिला विचारा या पाच वेळच्या आयत्या खाण्याची किंमत. मला तर अनोळखी माणसाने वाढलेल्या वरणभाताचंसुद्धा अप्रूप वाटतं. स्वयंपाकघर असलेला ‘होम स्टे’ घेऊन तिथेही बाईने पोहे परतायचे, याला मी सुट्टी म्हणणार नाही. पैसे वाचतात हे मान्य, पण मग तितके दिवस नवऱ्याने ओट्यापाशी उभं राहावं.

वाचायची आवड असेल तर भिलार. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून सुचलेली राज्य सरकारची ही योजना. तिथे पुस्तकं विकत मिळतात, भिलारमध्ये ती वाचायला ठेवली आहेत, लोकांच्या राहत्या घरांत. एका घरात कथा, दुसरीकडे कविता, तिसरीकडे इतिहास, कुठे संतसाहित्य. पैसे नाहीत. आत जायचं, पुस्तक काढायचं, खुर्ची किंवा झोपाळा बघून बसायचं. काही घरांत राहण्या-जेवण्याची सोयही होते. ज्या जोडप्याला एकमेकांशेजारी बसून आपापलं वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी अख्ख्या महाराष्ट्रात मला याहून चांगली जागा माहीत नाही. स्ट्रॉबेरीचा हंगाम मे महिन्यात ओसरलेला असतो, त्याची आशा धरून जाऊ नका. जांभळं आणि करवंदं मात्र तेव्हाचीच. रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणात विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्या.

हिमालयाबद्दल थोडक्यात. आपल्याकडून सिमला-कुलू-मनाली एका दमात करायची पद्धत पडली आहे. सिमला ते मनाली सुमारे अडीचशे किलोमीटर, घाटात आठ तास सहज जातात. बसमध्ये मान लुळी पडलेली जोडपी बघून मला वाईट वाटतं. जायचंच असेल तर एकट्या सिमल्याला जा आणि तिथेच राहा. कालकाहून १९०३ सालची छोटी गाडी आहे, ९६ किलोमीटर, खिडकीत बसून डोंगर चढतो. मॉल रोडवर सर्वसाधारण गाड्या नाहीत, खालच्या कार्ट रोडवरून वर यायला लिफ्ट आहे. १८८७ सालचं गेटी थिएटर आहे, आणि व्हाइसरॉयचा जुना प्रासाद आहे, जिथे आता उच्च अध्ययन संस्था आहे. ज्याला जंगलापेक्षा इमारती आवडतात त्याला डोंगरात राहून इमारती बघता येतात. लेहबिहच्या फंदात एवढ्यात पडू नका, साडेतीन हजार मीटरवर पहिले एक-दोन दिवस नुसतं पडून राहावं लागतं, आणि तसं पडून राहणं विश्रांतीचं नसतं.

मग दिवसभर करायचं काय, असं माझी एक मैत्रीण कळकळीने विचारते. तिची भीती मला कळते. मुलं मोठी झाली, बाहेर पडली, आता दोघांनी समोरासमोर बसायचं आणि बोलायला विषयच निघाला नाही तर? पॉइंटांची यादी ही पुष्कळदा त्या भीतीवरचं झाकण असते. टॅक्सीत बसलं की बोलावं लागत नाही. मी तिला सांगितलं, पहिला दिवस जड जातो. मुलांचे विषय, बँकेचे विषय, सोसायटीचे विषय संपतात. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या नवऱ्याने मला त्याच्या शाळेतल्या एका मास्तरांबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. घरी ते कधी निघालं असतं? घरी आठ वाजता भाजी चिरायची असते, नऊ वाजता बातम्या असतात.

पत्ते न्या. शब्दकोडी न्या. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं, हेही करून बघा, आम्हाला ते फार लाभलं. पहाटे जाग आली तर पडल्या पडल्या शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐका. माणूस शीळ घालत चालला आहे असंच वाटतं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, खिडकी उघडी लागते. मे अखेरीस गेलात तर वळवाची सर गाठू शकते. वीज जाते, मेणबत्ती आणि टॉर्च जवळ असू द्या.

शनिवार-रविवार टाळा. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात मे महिन्याच्या सुट्टीत गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात निम्मी विश्रांती जाते. सोमवारी चढा, गुरुवारी उतरा. खोल्याही स्वस्त मिळतात. घाट लागणाऱ्याने पुढच्या सीटवर बसावं आणि निघताना पोटभर खाऊ नये. वरच्या गावांत उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, शॉवर सोडून बादली घ्या.

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला सहल भेट देणाऱ्या मुलांना एक विनंती. तुम्ही प्रेमाने करता, पण सकाळी साडेपाचच्या सूर्योदयापासून रात्रीच्या शेकोटीपर्यंत भरलेला कार्यक्रम देऊ नका. ते नको म्हणणार नाहीत, तुमचे पैसे गेलेत म्हणून धापा टाकत सगळं करतील. आधी त्यांनाच विचारा. पायऱ्या किती, कमोड आहे का, जेवण साधं मिळेल का, एवढं बघा आणि एकाच ठिकाणी तीन-चार रात्री द्या. संध्याकाळी फोन केलात तर ‘आज काय काय पाहिलं?’ असं नका विचारू. फोटो मागू नका. आणि त्यांनी दोन दिवस फोन उचलला नाही तर हॉटेलच्या काउंटरला विचारून घ्या, त्यांना खोलीतून बोलावायला सांगू नका.