शुगरच्या पायाला टोचणारी चप्पल घालायला सांगणाऱ्यांनो

"स्पेशल चपला हा डॉक्टर आणि परदेशी कंपन्यांचा धंदा, जखम भरली की फेकून द्या, अनवाणी चाला, अ‍ॅक्युप्रेशर चप्पल घाला, नसा जाग्या होतात, मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवा, चपलांनी संशोधनातही फरक दिसला नाही" हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. आमच्या मावशीने तो मनावर घेतला. अंगठ्याखालची जखम आत्ता कुठे भरलेली आणि एमसीआर चप्पल (बधिर पायांसाठीची खास मऊ रबराची) गेली माळ्यावर, म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी कोण लागतं.

आधी ते अ‍ॅक्युप्रेशर. अहो, शुगरने बधिर झालेल्या ज्या पायाला खडा रुतलेला कळत नाही त्याला रबराची टोकं टोचून काय जागं होणार? ही जखम होतेच मुळी एका जागी सारखा दाब येऊन, आधी घट्टा धरतो, मग त्याच्याखाली आतल्या आत कातडी फाटते, दुखत नाही म्हणून माणूस चालतच राहतो. चांगली चप्पल दाब पसरवते, ही नेमका टोकांवर गोळा करते. मावशीच्या तळव्यावर लाल ठिपके उठलेले आणि ती म्हणते, "काही टोचत नाही रे, सवय झाली."

जखम भरली की संपलं? भरलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना वर्षाच्या आत परत होते.

परदेशी धंदा म्हणाल तर एमसीआर चपलेचं मूळ आपल्या तमिळनाडूतल्या वेल्लोरकडचं, डॉ. पॉल ब्रँड आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी केलेल्या कामातलं.

मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय? बधिर पाय भाजतो. पुढे.

"संशोधनात फरक दिसला नाही" हे मात्र अर्धं खरंय, नाईलाजाने मान्य. नेदरलँड्समध्ये १७१ पेशंट्सवर अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. सगळ्यांनाच मापाचे बूट, फक्त निम्म्यांचे दाब मोजून सुधारलेले. दीड वर्षात जखम परत झाली न सुधारलेल्या बुटांत ४४ टक्के, सुधारलेल्यांत ३९ टक्के लोकांना, म्हणजे फारसा फरक नाही. पण ज्यांनी ८० टक्के पावलं तरी बूट घालून टाकली त्यांच्यात ४८ विरुद्ध २६! मेसेजवाल्याने हा आकडा बरोब्बर गाळला. आणि लोक बूट काढायचे कुठे, तर घरात, जिथे चालणं जास्त. आपल्याकडे तर चप्पल दारातच, मग घरासाठी वेगळा जोड ठेवा, देवघरापुरता काढा.

साध्या मऊ चपलेला 'डायबेटिक' लेबल लावून जास्त पैसे उकळतात, हेही खरंय. म्हणून आधी जखम झालेली असेल तर दुकानातली उचलू नका, पाय दाखवून मापाची करून घ्या, मागे पट्टा असलेली, आणि नवी असताना थोडा वेळच घालून तळवे बघा, लाल झालं असेल तर परत न्या.