पॉडकास्ट, उरूस आणि भडंगातला कांदा

काका, (तुम्हीच "वयानं मोठा आहे म्हणून हक्कानं लिहितो" असं म्हटलंय, तेव्हा काकाच म्हणतो) प्रतिक्रिया खणखणीत आहे. खाली दोन ओळी आभाराच्या टाकून पुढं सरकणं बरं वाटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: सध्या काय ऐकतोय, बघतोय, वाचतोय, खातोय यावर मी जे लिहिलं होतं, त्यावर मिरजेच्या या काकांचं म्हणणं असं की मला एक निकष धरता येत नाही. तीन तासांच्या पॉडकास्टला मी लांबण म्हणतो, मालिकांना नावं ठेवतो, कादंबरी अर्ध्यात मिटतो. आणि त्याच दमात मिरजेच्या उरुसातल्या रात्रभराच्या गाण्यावर फिदा होतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीतास्वयंवर' उभं केलं त्या सांगलीत राहून, आणि बालगंधर्वांची नाटकं पहाट करायची हे माहीत असून, लांबीची तक्रार मी कोणत्या तोंडानं करतो? वर भडंगात कांदा-टोमॅटो घालून खातो, म्हणजे जिभेचंही काही खरं नाही.

नाटकाचं आधी. ती नाटकं पहाटेपर्यंत चालायची त्याला एक कारण वन्समोअर हेही होतं. पण वन्समोअर प्रेक्षक द्यायचे. पॉडकास्टवाले स्वतःच स्वतःला देतात. सुरुवातीला पुढच्या गप्पांतले चार चमचमीत तुकडे, मग जाहिरात, मग "सबस्क्राइब करा", मग पाहुण्याला "वेळात वेळ काढून आलात", मग पाहुण्याचं "तुम्ही बोलावलंत". भांडी घासून, ओटा पुसून होतो, आणि पहिला प्रश्न अजून यायचाय. तो आला की मघाशी ऐकवलेला तुकडाच पुन्हा ऐकायचा.

म्हणून मी पॉडकास्ट दीडपट वेगानं ऐकतो. आणि काका, निकषच हवा असेल तर हा घ्या. दीडपट वेगानं ऐकून ज्यातलं काहीच हरवत नाही, त्यात तेवढं पाणी होतं. आता विलंबित ख्याल दीडपट वेगानं लावून बघा. किराणा घराण्याची आलापी, एकेक सूर सावकाश उलगडत नेणारी, तिचा पाच मिनिटांत विनोद होतो. तिथं वेळ हाच माल आहे. दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली गाणं ऐकताना मी घड्याळ बघत नाही, ते भक्तिभावानं नव्हे. कंटाळा आला तर उठून चहाला जातोच, परत येतो तोवर गाणारा बदललेला असतो.

आणि किराणा घराण्याच्या ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण म्हणून तिथं गाणं होतं, त्यांच्याकडे दोन्ही होतं. मैफलीत ते तासन् तास गायचे, आणि 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला मावणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांत 'पिया बिन नाही आवत चैन'ही गाऊन गेले. ती तबकडी ऐकताना उरकल्यासारखी वाटते का, तुम्हीच सांगा. खाँसाहेबांना जाऊन, 1937 धरलं तर, जमाना झाला, अजून लोक ती झिंझोटी रागातली ठुमरी लावतात. तेव्हा माझं भांडण लांबीशी नाहीच.

सगळेच पॉडकास्ट मी यात ओढत नाही. मागं एका म्हाताऱ्या तमाशा कलावंताची मुलाखत ऐकली. फडातल्या जोडीदाराबद्दल विचारल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, आणि विचारणाराही गप्प बसला. ती मी साध्या वेगानं ऐकली. काही ॲपमध्ये अशी शांतता आपोआप कापून टाकायची सोय असते. ती चालू असती तर मुलाखतीतलं सगळ्यात मोलाचं तेवढंच गेलं असतं.

मालिकांचं मात्र मागं घेत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याच्या गदिमांनी 56 गाण्यांत अख्खं रामायण बसवलं. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, दर आठवड्याला एक गाणं, वर्षाहून जरा जास्त दिवसांत संपलं. हल्लीच्या मालिकेत तेवढ्या भागांत नुसता साखरपुडा मोडतो आणि पुन्हा ठरतो. दार उघडलं की तीन वेळा तीन बाजूंनी तोच चेहरा, मागं ढोल. आमच्या आई रोज बघतात आणि रोज शिव्या घालतात; त्यांना विचारलं तर म्हणतात, "बघायला कुठं लागतंय, ऐकू येतंय की सैपाकघरात." दीडपटीच्या निकषाचा हा घरगुती पुरावा.

कादंबरीचं काय, वाचनालयाची आहे, परत केली. दुसऱ्या कुणाला आवडेल.

राहिला भडंग. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला. कांदा घातला की त्याची भेळ होते, असं तुम्ही म्हणता. भेळेला चिंचेचं पाणी लागतं, चटणी लागते, ओलेपणा हा तिचा धर्म. भडंगाचं सगळं कसब कोरडेपणात. सालासकट ठेचलेला लसूण तेलात पार कुरकुरीत व्हायला पाहिजे, जरा मऊ राहिला की दुसऱ्या दिवशी डबा सादळलाच. शेंगदाणे, कढीपत्ता झाला की कढई उतरवायची, तेल जरा निवलं की मग तिखट, नाहीतर ते जळून काळं पडतं. चुरमुरे शेवटी, हलक्या हातानं. एवढं करून झालेल्या भडंगाला कांदा बिघडवू शकत नाही, कारण तो डब्यात जातच नाही. ताटलीत घ्यायचं, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाचे दोन थेंब, आणि बोलत न बसता खायचं.

टोमॅटो तर मी लिहिलेलाच नाही. कांदा, कोथिंबीर, लिंबू एवढंच आहे, परत वाचून बघा. टोमॅटो तुमच्या घरचा असणार.