स्टँडचा जोड तुटला नाही, माझे मोजमाप चुकले : आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या वर्कशॉपला एक तारा देऊन लिहिले आहे की, साइड स्टँडची लांबी वाढवून घेतल्यावर अकराव्या दिवशी सामानाने भरलेली मोटरसायकल आंबा गावाजवळ एका हॉटेलच्या आवारात उजव्या अंगावर पडली आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर व उजवा आरसा मोडला. ‘लोखंडाचा एक तुकडा चिकटवायला’ आम्ही दोन दिवस आणि १,४०० रुपये घेतले, गरम करून स्टँड वाकवला असता तर तासाभरात काम झाले असते, आणि फोन केल्यावर ‘गाडी लावताना जागा बघायची’ असे उत्तर मिळाले, असेही आपले म्हणणे आहे. शनिवारी आपण अर्ध्या तासासाठी का होईना, पिशव्यांसकट गाडी घेऊन आलात, याबद्दल मी आपला आभारी आहे. त्या दिवशी जे मोजले ते इथे सगळ्यांसमोर लिहितो, कारण तक्रारही आपण सगळ्यांसमोर केली आहे आणि तिच्यातला मुख्य भाग बरोबर आहे.

फोनवरचे उत्तर आधी. ते आमच्याकडच्या मुलाने दिले, पण दुकान माझे आहे, त्यामुळे क्षमा मी मागतो. ज्याची गाडी नुकतीच पडली आहे त्याला कुठे लागले का हे विचारायचे सोडून असे बोलणे मला मान्य नाही, आणि त्यालाही ते समजावून सांगितले आहे.

आता मूळ कामाकडे येतो. आपण मागचे शॉकअब्सॉर्बर उंच बसवून घेतले होते आणि टायरही एक माप मोठा टाकला होता. गाडी उचलली गेली, स्टँड मात्र तेवढाच राहिला, म्हणून ती डावीकडे जास्त झुकू लागली. कलती गाडी आली की आम्ही प्रथम पिव्हटचा (स्टँड ज्यावर फिरतो त्या सांध्याचा) बोल्ट, बुश आणि उघडलेल्या स्टँडला अडवणारा स्टॉपर तपासतो, कारण पुष्कळदा लांबीचा काहीच दोष नसतो, झिजलेल्या बोल्टमुळे स्टँड नुसता फाकलेला असतो, आणि अशा गाडीला तुकडा जोडणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आपल्या गाडीचा बोल्ट घट्ट होता. मागच्या डिस्कला अँगल मीटर टेकवून पाहिले तेव्हा कल १५ अंश भरला. त्याच मॉडेलची, काही न बदललेली गाडी आमच्या फरशीवर ११ अंशांत उभी राहते. स्टँडचा तळ टायरच्या रेषेपासून साधारण ३० सेंटीमीटर दूर असतो, त्यामुळे तळाखाली १ सेंटीमीटर वाढवले की गाडी जवळजवळ २ अंशांनी सरळ होते. आपल्या सोसायटीतली जागा अरुंद असल्याने गाडी शक्य तितकी उभी हवी असे आपण सांगितले होते. मी २५ मिलिमीटर वाढवले आणि कल १० अंशांवर आणला. आपण सांगितले म्हणून केले, असे म्हणून मी मोकळा होणार नाही. किती सरळ चालेल हे सांगणे माझे काम होते.

चूक इथे झाली की, हे सगळे मोजमाप मी रिकाम्या गाडीवर केले. आपण गाडीला पिशव्यांची फ्रेम लावलेली होती, ती माझ्या डोळ्यांसमोर होती, तरीही ‘सामान किती नेता’ हा एक प्रश्न मी विचारला नाही. शनिवारी आपल्या दोन्ही पिशव्या आणि वरची तंबूची वळकटी बांधून पुन्हा अँगल मीटर लावला, तर मागची बाजू ३ सेंटीमीटर दबली आणि कल १० वरून ७ अंशांवर आला. वजनाने गाडी बसते, स्टँड काही बसत नाही, म्हणून भरलेली गाडी स्टँडवर अधिक सरळ उभी राहते. रिकाम्या गाडीवर जे मोजमाप सुबक दिसते, तेच प्रवासात धोक्याचे ठरते.

आपण दाखवलेल्या फोटोंवरून त्या आवाराला उजवीकडे ३ ते ४ अंशांचा उतार असावा. आपण वाहने डाव्या बाजूने चालवतो आणि रस्ता मधोमध उंच, कडेला उतरता असतो, त्यामुळे नेहमीप्रमाणे डाव्या कडेला लावलेली गाडी थोडी जास्तच कलते आणि ही चूक रोजच्या वापरात लपून राहते. आवारात उतार उलटा होता, म्हणजे ७ अंशांतले जेमतेम ३ उरले. तेवढ्या कलात गाडीचा भारमध्य टायरच्या रेषेपासून सुमारे ३ सेंटीमीटरच डावीकडे राहतो. आपण आधी डावी पिशवी काढलीत, साहजिकच, कारण माणूस त्याच बाजूला उभा असतो, आणि उजवीकडची १२ किलोची पिशवी लटकत राहिली, तिने त्यातले जवळजवळ निम्मे अंतर खाल्ले. मग पट्टा ओढताना लागलेला हलकासा रेटाही पुरेसा झाला. गाडी पडली यात आपली काहीही चूक नाही. स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीवरून सामान काढता आलेच पाहिजे.

वेल्डिंगबद्दल मात्र आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही. शनिवारी आपल्यासमोरच मी जोडावरचा रंग घासून दाखवला. भरलेल्या गाडीचा भार येऊनही त्याला केसाएवढीही चीर नव्हती. दोन दिवस लागतात याचे कारण असे की, स्टँड गाडीला लावलेला असताना आम्ही वेल्डिंग करत नाही, कारण हल्लीच्या गाड्यांत ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि सेन्सर असतात आणि तो करंट कुठून फिरेल याचा भरवसा देता येत नाही. स्प्रिंग व सेन्सर उतरवून स्टँड बाहेर काढायचा, तळाची जुनी पट्टी कापायची, नव्या कलाला जुळेल असा तिरका छेद घेऊन तुकडा बसवायचा, टाके मारून गाडीवर लावून बघायचे, पुन्हा उतरवून सीओटू वेल्डिंग पूर्ण करायचे आणि मग पावडर कोटिंगला पाठवायचे, असा हा क्रम आहे. तिरका छेद चुकला तर पट्टीची एकच कड जमिनीला लागते आणि उन्हाळ्यात मऊ पडलेल्या डांबरात ती कड रुतते. आपली पट्टी ७० बाय ५५ मिलिमीटरची ठेवली, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात मूळ छोटा तळ चिखलात खाली जातो. स्टँड मिटल्यावर ही पट्टी डाव्या वळणावर रस्त्याला घासणार नाही, हेही बघावे लागते.

गरम करून वाकवण्याचे काम मी करत नाही आणि पुढेही करणार नाही. उघडलेल्या स्टँडचे टोक पिव्हटच्या बरेच पुढे असावे लागते, तेव्हाच गाडीचे वजन त्याला स्टॉपरवर दाबून ठेवते. वाकवताना तो जरा जरी मागे आला, तर उतारावर गाडी पुढे सरकताच स्टँड मिटतो. शिवाय तापवलेला भाग किती नरम पडला हे डोळ्यांना दिसत नाही. तासाभरात होणारे हे काम आपल्या गाडीवर केले असते, तर आज मला आपल्यासमोर उभे राहता आले नसते.

माझा प्रस्ताव असा आहे. वाढवलेल्या २५ मिलिमीटरपैकी १० मी कमी करतो. रिकामी गाडी १२ अंशांवर आणि भरलेली ९ अंशांवर राहील, म्हणजे सोसायटीत ती आपल्याला हवी त्यापेक्षा थोडी जास्त कलेल, परंतु त्याहून सरळ मी करून देणार नाही. शेवटचे मोजमाप आपल्या पिशव्या बांधूनच घेऊ, आणि शॉकअब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सामानासाठी कोणत्या खाचेवर ठेवायचा तेही तेव्हाच ठरवू. या कामाचे पैसे घेणार नाही. लिव्हर आणि आरशाचे आपण दाखवलेले २,३०० रुपयांचे बिल मी भरतो. पहिल्या कामाचे १,४०० रुपये मात्र परत करत नाही, कारण तो जोड पक्का आहे आणि तोच पुढे वापरला जाणार आहे.

गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी दहाच्या आत गाडी आणलीत, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तयार मिळेल. मधल्या वेळेसाठी माझी स्कूटर घेऊन जावी. अभिप्राय काढून टाकावा अशी माझी विनंती नाही. तोवर भरलेली गाडी लावताना उतार डावीकडे येईल अशी जागा निवडावी, पहिला गिअर टाकून ठेवावा आणि उजवी पिशवी आधी काढावी.

आपला,
वर्कशॉपचा मालक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर