‘निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात, बाकी चालेल ते’: व्हायरल सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद

सांगली, मिरज, कुपवाडकडच्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या, आर्किटेक्ट मंडळींच्या आणि गेमिंगवाल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय. मोठा पीसी बांधायचा तर निम्म्याहून जास्त पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. एसएमपीएस (पीसीच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा) वॅट बघून घ्या. स्टॅबिलायझर आणि घरचा इन्व्हर्टर असेल तर यूपीएस नको. लिक्विड कूलर लावला की उन्हाळ्यात एसीची गरज नाही. रॅमचे चारही स्लॉट भरा, वेग दुप्पट होतो. बोर्ड आणि एसएसडी सगळ्यात वरच्या घ्या. आणि बिलाशिवाय मिळालं तर १८ टक्के जीएसटी वाचवा.

लाखांत जाणारी खरेदी या सात ओळींवर होत असेल, तर एकेक ओळ तपासायलाच हवी.

“निम्मे पैसे कार्डात”

४के रिझोल्यूशनवर गेम खेळायचे असतील तर हे बऱ्यापैकी खरं आहे, तिथे भार कार्डावरच येतो. एडिटिंगवाल्याची मशीन मात्र भलतीकडेच अडते. सोनी ए७ फोरसारख्या कॅमेऱ्यावर लग्न शूट होतं ते ४:२:२, १०-बिट या रंगांची माहिती जास्त साठवणाऱ्या प्रकारात. हे फुटेज एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेतलं कुठलंच कार्ड हार्डवेअरवर उलगडू शकत नाही, अगदी ४०९० सुद्धा. सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि टाइमलाइन अडखळते. ही सोय एनव्हिडियाने ५० मालिकेत आणली. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंकमध्ये (व्हिडिओ उलगडणारा भाग) एच.२६५ या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीपुरती ती आधीपासूनच आहे. म्हणजे ४:२:२ ची टाइमलाइन सुरळीत चालवण्यापुरतं बोलायचं, तर इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के आणि मधल्या दर्जाचं कार्ड ही जोडी ४०९० पेक्षा जास्त कामाची.

यात दोन अडचणी नेहमी येतात. दुकानदार थोडं स्वस्त म्हणून प्रोसेसरचं ‘केएफ’ मॉडेल देतो. त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे क्विक सिंकही नाही. दुसरी अडचण बायोसची (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जची): वेगळं कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात, ते हाताने चालू करावं लागतं. कॅमेऱ्यातही रेकॉर्डिंग एक्सएव्हीसी एचएसवर (एच.२६५) ठेवा. एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४, आणि त्याच्या १०-बिट ४:२:२ ला २६५के मधलं क्विक सिंक हात देत नाही.

आर्किटेक्टचं गणित निराळं. ऑटोकॅड आणि रेव्हिटचं बरंचसं काम एका कोअरच्या वेगावर चालतं, तिथे महागडं कार्ड नुसतं बसून राहतं. तोच माणूस ब्लेंडरमध्ये किंवा व्ही-रेच्या जीपीयू (ग्राफिक्स चिप) मोडवर रेंडर (मॉडेलचं अंतिम चित्र तयार) करत असेल तर कार्ड आणि त्यावरची मेमरी हेच सर्वस्व. सीन कार्डाच्या मेमरीत, समजा १६ जीबीत, मावला नाही की रेंडर रखडतं किंवा बंद पडतं. त्यामुळे कार्ड निवडण्याआधी स्वतःच्या सगळ्यात जड फाइलवर काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ठेवा. सीपीयू, जीपीयू, जीपीयूची मेमरी, रॅम आणि डिस्क यांपैकी आधी काय भरतं ते पाहा. पैसे तिथे घालायचे.

“एसएमपीएस वॅट बघून घ्या”

डब्यावरचा आकडा सुरुवातीला कामाचा, पण त्यावर थांबणं महागात पडतं. आधी बेरीज करू. आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅट. रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसरचा टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) १७० लिहिलेला असला तरी बोर्डावरच्या सॉकेटमधून तो २३० वॅटपर्यंत ओढतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि पंप मिळून ८० ते १०० धरा. झाले ९०० च्या आसपास. एनव्हिडिया या कार्डासाठी किमान १००० वॅट सांगते, पण असा प्रोसेसर सोबत असेल तर १२०० घेणं शहाणपणाचं. ५०८० (३६० वॅट) आणि रायझन ७ ९८००एक्स३डी (कमाल १६२ वॅट) या जोडीची बेरीज ६१० च्या आसपास येते, तिला चांगला ८५० पुरतो. तिथे १२०० वर पैसे घालवू नका.

आता वॅटच्या पलीकडचं. मोठी कार्डं क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उसळी घेतात. एटीएक्स (एसएमपीएसचं मानक) ३.० पासूनच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट झटका सोसला पाहिजे, अशी अट आहे. जुन्या डिझाइनचा ‘हजार वॅट’ त्या झटक्याला ओव्हरलोड समजून बंद पडतो. गेम रंगात असताना पीसी एकदम मिटतो आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो. डब्यावर एटीएक्स ३.१ लिहिलेलं हवं.

‘८० प्लस गोल्ड’ म्हणजे दर्जा, हाही गैरसमजच. ते प्रमाणपत्र फक्त कार्यक्षमता सांगतं, तीही प्रयोगशाळेतल्या २३ अंशांत मोजलेली. १२ व्होल्टच्या लाइनवर किती रिपल (व्होल्टेजची थरथर) आहे, बिघाड झाल्यावर संरक्षण वेळेवर पुरवठा तोडतं का, याचा त्यात विचार नाही. पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत मिळतील हे कंपनी वेगळं लिहिते: ४० किंवा ५०. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त असतं. ५० अंशांचाच घ्या.

आणि १६ पिनांचा तो नवा कनेक्टर. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, ते सहा पिनांवर वाटले की प्रत्येकीला ८.३३. पिनेची मर्यादा साडेनऊच्या आसपास, म्हणजे मोकळीक फारच थोडी. प्लग मिलीमीटरभर बाहेर राहिला किंवा एखादी पिन सैल असली की उरलेल्या पिनांवर भार जातो आणि प्लास्टिक वितळतं. कटकन बसेपर्यंत दाबा, फट दिसत नाही ना ते टॉर्च मारून बघा, आणि प्लगपासून साडेतीन सेंटीमीटरच्या आत केबल वाकवू नका. काच लावताना केबल दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे. एका कंपनीच्या एसएमपीएसच्या केबली दुसऱ्याला कधीच लावू नयेत. टोक सारखं दिसतं, पण आतली जोडणी वेगळी असते आणि एसएसडी-हार्डडिस्क जागच्या जागी जळतात.

“स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर पुरे”

या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ऐकायला तो काटकसरीचा वाटतो.

चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट काहीही घेतो. व्होल्टेज १८० वर उतरलं तरी त्याला फरक पडत नाही. उलट स्टॅबिलायझरचा रिले (आपोआप चालणारा स्विच) टॅप बदलताना क्षणभर पुरवठा तोडतो. मशीन मरते ती वेगळ्याच दोन कारणांनी. एक, लाइनवर न्यूट्रल तुटणं: मग २३० च्या जागी सॉकेटला ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. दुसरं, वळवाच्या पावसातली वीज. पहिल्यासाठी डीबीमध्ये (घराच्या एमसीबीच्या पेटीत) ओव्हरव्होल्टेज रिले बसवा, २७० च्या आसपास तोडणारा आणि पुरवठा स्थिर झाल्यावरच जोडणारा. दुसऱ्यासाठी टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण. हे दोन्ही मिळून मोठ्या कार्डाच्या किमतीचा अगदी छोटा हिस्सा लागतो.

पण अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टरचा फारसा उपयोग नाही. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या गाळ्यांत तिसरी पिन बऱ्याचदा नुसती नावाला असते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, ती त्याचीच खूण. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे बॉडीवर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत असतो. वायरमनकडून मल्टिमीटरने तीन मोजमापं करून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखं यायला हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. हा तिसरा आकडा गिझर किंवा इस्त्री लावूनही ठार शून्यच राहिला, तर कुणीतरी सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेत का ते उघडून पाहा. ती जोडणी जीवघेणी आहे.

इन्व्हर्टरचं काय? लाइट गेल्यावर तो बॅटरीवर यायला वेळ घेतो. यूपीएस मोडवर तो थोडा असतो, पण साध्या मोडवर काही दहा मिलीसेकंद सहज जातात. एटीएक्स ३.१ चा एसएमपीएस पूर्ण भारावर फक्त १२ मिलीसेकंद तग धरेल, एवढीच हमी असते. म्हणून कधी पीसी चालू राहतो, कधी रिस्टार्ट होतो, आणि रेंडर चालू असेल तेव्हाच हमखास रिस्टार्ट होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे एसएमपीएस नीट चालतही नाहीत.

यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट-अँपिअर) नव्हे, वॅट वाचा. कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचाच असतो. आतून ९०० वॅट ओढणारी मशीन भिंतीतून १००० च्या आसपास घेते, दोन मॉनिटर धरून ११००. १५०० व्हीएचा ०.६ पॉवर फॅक्टरवाला (व्हीएला याने गुणलं की वॅट) यूपीएस ९०० वॅटवर संपला, तो नको. १५०० व्हीएचाच ०.९ वाला १३५० देतो, तो चालेल. प्युअर साइन वेव्ह हवा, सॉकेट १६ अँपिअरचं हवं आणि बॅकअप पाच-सात मिनिटांचा पुरे, फाइल सेव्ह करून बंद करण्याइतका. पूररेषेत तळमजल्याला स्टुडिओ असेल तर यूपीएस आणि बॅकअपच्या हार्डडिस्क जमिनीवर ठेवू नका. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी सांगलीने पाहिलंय.

“लिक्विड कूलर असला की एसी नको”

कूलर उष्णता नाहीशी करत नाही, प्रोसेसरमधून काढून खोलीत सोडतो. रेडिएटरवरून वाहणारी हवा ४० अंशांची असेल तर आतलं पाणी ४० च्या खाली जाणारच नाही. २५ अंशांच्या खोलीत ७५ वर चालणारा प्रोसेसर त्याच कामात ४० अंशांत ९० ला पोचतो, कूलर कितीही भारी असो. १००० वॅटची मशीन म्हणजे बंद खोलीत दिवसभर लावलेला हीटर. एक टनाचा एसी सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यातला पाव हिस्सा नुसत्या पीसीलाच लागेल, हे एसी घेताना धरा.

एसी शक्य नसेल तर विजेवर मर्यादा घाला. ९९५०एक्स बायोसमध्ये १०५ वॅटच्या इको मोडवर ठेवला की प्रोसेसरचा भार २३० वरून १४२ वर येतो आणि वेग त्या मानाने फार थोडा उतरतो. ५०९० ची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तरी तोच अनुभव. मे महिन्यात हे दोन बदल ३६० मिलीमीटरच्या रेडिएटरपेक्षा जास्त उपयोगी पडतात. ९८००एक्स३डीला तर दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो, त्यात पंप बिघडायची भीतीही नाही. लिक्विडच हवा असेल तर रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावा. पंप सगळ्यात उंच जागी आला की हवेचे बुडबुडे त्यात अडकतात, पंप खरखरतो आणि लवकर जातो.

“चारही स्लॉट भरा”

वरच्या रायझन किंवा कोअर अल्ट्रासारख्या साध्या डेस्कटॉप प्लॅटफॉर्मवर मेमरीचे चॅनल (प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटा) दोनच. चार स्टिक लावल्या म्हणून चार होत नाहीत, त्यासाठी एएमडीच्या थ्रेडरिपरसारखा वर्कस्टेशनचा प्लॅटफॉर्म लागतो. वेग तर उलट घटतो. रायझन ९००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना डीडीआर५-५६००, चार स्टिकना ३६००. म्हणून ९६ जीबी हवी तर ४८ च्या दोन, १२८ हवी तर ६४ च्या दोन, आणि दोन्ही एकाच पॅकमधल्या. आज दोन, पुढच्या वर्षी त्याच मॉडेलच्या आणखी दोन, हा बेत डीडीआर५ वर बऱ्याचदा फसतो.

प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट भरा. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमच्या जाहीर वेगाचं सेटिंग) चालू केल्याशिवाय ६००० ची रॅम ६००० वर धावत नाही. एएम५ (रायझन ९००० चं सॉकेट) बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. बोर्ड तेव्हा मेमरी जुळवून घेत असतो. अशा वेळी बटण दाबून बंद करणारे आणि बोर्ड मेला म्हणून परत पाठवणारे बरेच आहेत. दहा मिनिटं थांबा. नंतर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, एकही एरर मान्य करू नका.

“बोर्ड आणि एसएसडी सगळ्यात वरच्या”

बोर्डाच्या चिपसेटने प्रोसेसर वेगवान होत नाही. बी८५० चिपसेटचा बोर्ड व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणारा भाग) भरीव हीटसिंक असलेला असेल तर ९९५०एक्स तिथेही तितकाच पळतो. महागड्या बोर्डात पोर्ट आणि स्लॉट जास्त मिळतात, ते लागणार असतील तरच घ्या. काही बोर्डांवर दुसऱ्या जेन ५ (पाचव्या पिढीच्या) स्लॉटमध्ये एसएसडी टाकली की ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन (डेटाच्या वाटा) ८ वर येतात. मॅन्युअलमधला लेनचा तक्ता खरेदीआधी वाचा. जेन ४ ची एसएसडी सेकंदाला ७ जीबी देते आणि एडिटिंगला ती भरपूर आहे. वाचलेल्या पैशात दुसरी एसएसडी घ्या: एकीवर फुटेज, दुसरीवर कॅश (एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइली).

“बिलाशिवाय १८ टक्के वाचवा”

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर त्या १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट बिलावरच मिळतं. नोंदणी नसली तरी वॉरंटीचा दावा बिलाशिवाय अडतो, आणि परदेशातून आलेल्या मालाला भारतातली वॉरंटी बहुतेकदा लागूच नसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा किंवा सांगलीतून घ्या, पैसे देण्याआधी सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा आणि तोच बिलावर लिहून घ्या. जुन्या बाजारातला इंटेल १३ व्या-१४ व्या पिढीचा आय७-आय९ स्वस्त दिसला तर जास्तच जपून. जादा व्होल्टेजमुळे या चिप झिजत होत्या. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधी झिजलेली चिप त्या दुरुस्तीने बरी होत नाही. बिल आणि उरलेली वॉरंटी सोबत येत असेल तरच हात लावा.