डंकर्कला चमत्कार म्हणू नका

आज सकाळपासून तिसऱ्यांदा तेच फॉरवर्ड आलं. डंकर्कचा चमत्कार, छोट्या होड्या, देवाने शांत केलेला समुद्र. म्हणजे 1940 ला फ्रान्सच्या डंकर्क बंदरात जर्मनांनी घेरलेलं ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य समुद्रामार्गे इंग्लंडला काढलं, ती गोष्ट. ज्याने हे सगळं चालवलं त्या ब्रिटिश नौदलाच्या रॅम्झींचं नाव कुठेच नाही. राग आलाय, म्हणून लिहितोय.

बर्ट्रम रॅम्झी पहिल्या महायुद्धात डोव्हर पेट्रोलमध्ये होते, म्हणजे इंग्लंडच्या डोव्हर बंदरातून खाडीवर पहारा देणाऱ्या नौदलाच्या तुकडीत. 1915 ला एम-25 ही मॉनिटर त्यांच्या हाताखाली, 1917 ला एचएमएस ब्रोक ही डिस्ट्रॉयर, म्हणजे वेगवान युद्धनौका. मॉनिटर म्हणजे मोठ्या तोफेची, संथ, उथळ पाण्यात चालणारी बोट. बेल्जियमच्या किनाऱ्यावर मारा करायचा तर ती वाळूच्या दांड्यांमधून न्यावी लागे. 1939 ला निवृत्तीतून त्यांना परत बोलावलं ते याच डोव्हरला.

26 मे 1940 ला माणसं काढायला सुरुवात झाली. 45 हजार आली तरी खूप, असा अंदाज. 27 तारखेला दिवसभरात आली 7,669. का? डंकर्कचा किनारा इतका उथळ की डिस्ट्रॉयर जवळ येतच नाही. छातीभर पाण्यातल्या रांगेतून माणसं होडीत चढायची. होडी जास्त भरली की वाळूत बसायची, ओहोटी लागली की तिथेच अडकायची. वल्हवायला येणारे थोडे. बोटीवर चढले की रिकामी होडी तशीच वाहून जायची.

मग बंदराच्या पूर्वेचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवायला समुद्रात बांधलेला बांध. एक किलोमीटरहून लांब, वर लाकडी फळ्यांची वाट, जेमतेम तीन-चार माणसं शेजारी चालतील एवढी. तिथे बोट लावायची सोयच नव्हती. खांबांमधून पाणी जोरात वाहायचं, बोट आपटायची, आणि भरती-ओहोटीत पाचेक मीटरचा फरक, म्हणजे ओहोटीला माणसं शिडीवरून, फळीवरून खाली उतरवायची. तिथे बोट लावून बघायचं सुचलं डंकर्कला किनाऱ्यावर काम बघणाऱ्या कॅप्टन टेनंटना, मान्य. पण त्या फळ्यांपाशी बोटीमागून बोट पोचवत ठेवली डोव्हरच्या भुयारात बसलेल्या रॅम्झींनी. एकूण 3,38,226 माणसं आली. त्यातली सुमारे 2,39,000 बंदरातून, आणि मुख्यतः याच फळ्यांवरून. छोट्या होडीवाल्यांच्या हिमतीबद्दल शंकाच नाही, पण हे आकडे एकदा वाचा.

वाटही सोपी नव्हती. 39 सागरी मैलांचा जवळचा मार्ग कॅले बंदराजवळच्या जर्मन तोफांच्या माऱ्यात, म्हणून आधी 87 मैलांचा वळसा, मग सुरुंग काढून मोकळा केलेला 55 मैलांचा. हे देवाने केलं नाही.

चूकही झाली. 29 ला बंदर बंद पडल्याची खोटी खबर आली आणि त्यांनी बोटी किनाऱ्याकडे वळवल्या. ती रात्र ब्रेकवॉटर जवळजवळ ओसाड. त्याच संध्याकाळी नौदलाच्या वरच्यांनी नवे डिस्ट्रॉयर काढून घेतले होते. रॅम्झी भांडले आणि दुसऱ्या दिवशी ते परत मिळवले. समुद्र शांत होता, जर्मन रणगाडे दोन दिवस थांबले होते, फ्रेंच मागे राहून लढले. हेही खरं. पण शांत समुद्रावर बोटी आपोआप येत नाहीत.

सगळ्यात जास्त चिडवणारी गोष्ट पुढेच आहे. 1935 ला वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून त्यांनी चीफ ऑफ स्टाफचं पद सोडलं, 1938 ला निवृत्त यादीत गेले. डंकर्कनंतर 'सर' झाले, 1943 ला सिसिलीत सैन्य उतरवलं, तरी नाव निवृत्तांतच! सक्रिय यादीत परत घेतलं एप्रिल 1944 ला, नॉर्मंडीच्या, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरलं त्या मोहिमेच्या, सहा आठवडे आधी.

त्या नॉर्मंडीची नौदलाची बाजू, जवळपास सात हजार बोटी, त्यांच्याच हाताखाली. तिथे बंदर नव्हतं, म्हणून तयार भागांचं बंदरच समुद्रातून ओढत नेलं. कल्पना त्यांची नव्हे. पण त्या धक्क्यांची टोकं पायांवर उभी होती आणि भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली सरकायची. हे वाचताना मला दरवेळी डंकर्कच्या त्या फळ्या आठवतात, आणि शिडीवरून खाली उतरणारे दमलेले जवान.

2 जानेवारी 1945 ला पॅरिसजवळ त्यांचं विमान उडताच कोसळलं. ब्रुसेल्सला बैठकीला निघाले होते. युरोपातलं युद्ध संपायला चार महिने होते. फॉरवर्ड करायचंच असेल तर निदान नाव तरी घाला: ॲडमिरल सर बर्ट्रम रॅम्झी.