कर्णा खरवडण्याआधी त्याला चुंबक लावा

दिवाळीची साफसफाई निघाली की ‘आजोबांचा ग्रामोफोन अस्सल आहे का, ओळखा’ हा मेसेज उगवतोच. यंदा तो इंदूरला रामबागेत आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने कर्ण्यावरचा रंग काढायला चिंच भिजत घातली. आता मात्र गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, ‘अस्सल कर्णा पितळीच असतो, वरचा रंग नंतरचा, तो खरवडून खात्री करा.’ याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. भोंगेवाल्या यंत्रांचे बहुतेक कर्णे पोलादी पत्र्याचे असत आणि कारखान्यातच रंगवले जात. काळे, लाल, निळे, काहींच्या पाकळ्यांवर फुलंसुद्धा. तो रंग हाच मूळ भाग. खरवडलात तर खालून पितळ नव्हे, पत्रा निघेल आणि एका पावसाळ्यात गंजेल. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर पत्रा. संपला प्रश्न.

बरं, एवढं कबूल करतो की अगदी सुरुवातीच्या काही यंत्रांना पितळी कर्णे होते, आणि काळ्या पत्र्याला पुढे पितळी तोंड जोडलेलेही होते. पण आज बाजारात अष्टकोनी पेटीवर जे चकचकीत, अख्खे पितळी कर्णे दिसतात, ती यंत्रं बहुतेक अलीकडे आपल्याच देशात जुळवलेली. आतली चावीची मोटर बरेचदा एखाद्या जुन्या पोर्टेबलची, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या ग्रामोफोनची. म्हणजे मेसेज ज्याला अस्सल ठरवतो, नेमकं तेच जोडकाम!

खरी साक्ष पेटीच्या आत असते. आधी ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. चावी भरलेली असताना मोटरला हात लावलात तर बोटं सांभाळा. मग थाळी उचला, मोटरच्या फळीचे स्क्रू काढा आणि फळी वर घ्या. लाकूड सगळीकडे सारखं काळवंडलंय का? मधेच फिकट चौकोन, कशालाच न लागणारी भोकं, चावीच्या भोकाशेजारी बुजवलेलं दुसरं भोक दिसलं, तर मोटर दुसरीकडची. कर्ण्याचा मागचा ब्रॅकेट जिथे बसतो तिथली भोकं आतून ताजी, पांढरट असतील, तर कर्णा नंतर चढवलाय.

स्क्रूही पाहा. स्टार स्क्रूची हेन्री फिलिप्सची पेटंट जुलै १९३६ ची. तेव्हा ‘१९१० चं यंत्र’ म्हणून दाखवलेल्या पेटीत स्टार स्क्रू असेल, तर तो कारखान्यातून आलेला नाही. एखादा असेल तर दुरुस्ती म्हणू. सगळेच तसे असतील तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघा. एचएमव्हीचं १०२ पोर्टेबल मात्र १९३६ नंतरही बनत होतं, त्याला ही कसोटी सरसकट लावू नका.

मेसेज पुढे म्हणतो, ‘कुत्र्याचं चित्र असेल तर १९०० चा अस्सल फोनोग्राफ.’ फोनोग्राफ नळकांडं वाजवतो, ग्रामोफोन तबकडी. गंमत म्हणजे चित्रकार फ्रान्सिस बॅरोच्या मूळ चित्रात कुत्र्यापुढे फोनोग्राफच होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये त्यावर ग्रामोफोन रंगवून घेतला आणि मगच चित्र विकत घेतलं. कुत्र्याच्या चित्रातसुद्धा ‘बदललेला भाग’ निघाला! शिवाय या ब्रिटिश कंपनीच्या तबकड्यांच्या लेबलवर १९०९ पर्यंत कुत्रा नव्हता, पंखवाला देवदूत होता. पेटीवर ठोकलेल्या कुत्र्याच्या नव्याकोऱ्या पितळी पट्टीने काहीच सिद्ध होत नाही.

‘चावी जड म्हणजे स्प्रिंग मूळची.’ चावी जड लागते, आतून ठोके येतात, ते ग्रीस वाळल्यामुळे. स्प्रिंगचा डबा साफ करून ग्रॅफाइट ग्रीस भरायचं. तो घरी उघडू नका, आतली पोलादी पट्टी उसळून बाहेर येते.

‘तडा गेलेला साऊंडबॉक्स नकली.’ साऊंडबॉक्स म्हणजे पिन बसते ती गोल डबी, तिच्यातला पडदा थरथरून आवाज करतो. उलट! जस्ताचे जुने ओतीव भाग फुगतात, त्यांना जाळीसारख्या भेगा पडतात. वयच आहे ते.

‘एक भाग बदलला की किंमत शून्य.’ साऊंडबॉक्सच्या पडद्याभोवतीची रबरी नळी दगडासारखी होते, मग आवाज खरखरतो. ती बदलायलाच हवी. पिन तर तबकडीच्या प्रत्येक बाजूला नवी. मात्र १०२ वर, ज्याला धातूच्या पडद्याचा ५ए किंवा त्याच्या पुढचा साऊंडबॉक्स यायचा, अभ्रकाच्या पडद्याचा जुना ‘एक्झिबिशन’ साऊंडबॉक्स लावलेला दिसला, तर तिथे भाव करा.

आत्या, ती चिंच आमटीत घाल. कर्ण्याला कोरडं मऊ फडकं पुरे.